दातांवरील पातळ कवच : उपचारापूर्वी काय जाणून घ्यावे

कवींनी दातांना कुंदकळ्यांची उपमा दिली आणि आपण ती खरी मानली. वस्तुतः निरोगी मनुष्याचे कायमचे दात पांढरेशुभ्र नसतात. त्यांच्यात थोडी पिवळसर छटा असतेच. सहा-सात वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात पडून नवे दात येऊ लागले, की पुष्कळ आईबापांना ते पिवळे वाटतात आणि चिंता उत्पन्न होते. दुधाच्या दातांशेजारी कायमचे दात पिवळसरच दिसावयाचे, हा निसर्गक्रम होय. वय वाढते तशी ही छटा अधिक गडद होत जाते.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे, की अलीकडे शहरांतून दातांवर ‘व्हिनियर’ बसवून घेण्याची प्रथा वाढत आहे. व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवलेले पोर्सलिनचे किंवा राळेचे अतिशय पातळ कवच. ज्यांच्या दातांवर खोल डाग आहेत, ज्यांचा पुढचा दात अपघाताने तुटला आहे किंवा ज्यांचे दात मुळातच लहान व विरळ आहेत, त्यांना हा उपचार वरदान ठरू शकतो. परंतु केवळ नैसर्गिक छटा नको म्हणूनही अनेकजण तो करून घेतात. या दोहोंतील भेद समजावा आणि निर्णय घेण्यापूर्वी काय जमेस धरावे हे कळावे, एवढाच या प्रकरणाचा हेतू आहे.

दंतवल्क : एकदाच मिळणारे धन

दाताचा जो भाग हिरडीच्या बाहेर दिसतो, त्यावर दंतवल्काचे म्हणजे इनॅमलचे आवरण असते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने पाहिल्यास त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. दाढांच्या टोकांवर त्याची जाडी दोन मिलिमीटरच्या किंवा थोडी अधिक भरते. पुढच्या दातांच्या दर्शनी भागावर मात्र ती एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि हिरडीजवळ तर त्याच्या निम्म्याहूनही कमी होते.

दंतवल्काच्या खाली दंतिन असते. ते पिवळसर असून त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. या नलिका दाताच्या गाभ्यातील मज्जेपर्यंत, म्हणजे मज्जातंतू व रक्तवाहिन्या असलेल्या मऊ भागापर्यंत, पोचतात. दंतवल्क काहीसे पारभासक असल्यामुळे आपल्याला दाताचा जो रंग दिसतो, तो मुख्यतः आतील दंतिनाचा असतो. म्हणूनच वयोमानाने दंतवल्क झिजले आणि दंतिन जाड झाले, की दात अधिक पिवळे दिसू लागतात.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येताच नाहीशा होतात. हाड मोडले तर सांधते, त्वचा कापली तर भरून येते. दंतवल्क मात्र एकदा गेले की पुन्हा निर्माण होत नाही. व्हिनियर बसविताना बहुतेक वेळा हेच दंतवल्क घासून काढावे लागते. या उपचाराचा विचार करणाऱ्याने ही एक बाब मनात पक्की धरली, तर बाकीच्या गोष्टी समजण्यास सोप्या जातात.

डागांची जात ओळखावी

सगळे डाग सारखे नसतात. चहा, तंबाखू, मिश्री, पान यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. त्यांच्याबरोबर साठलेले कीटण दंतवैद्याने काढले, की दात पुष्कळसे स्वच्छ होतात. अशा दातांवर व्हिनियर बसविणे म्हणजे धूळ बसलेल्या भिंतीवरचा गिलावा फोडण्यासारखे आहे.

काही डाग मात्र दात घडत असतानाच त्याच्या अंतर्भागात उतरलेले असतात. आपल्या देशात याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे फ्लोरोसिस. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याला विसाव्या शतकाच्या आरंभी असे आढळले, की तेथील पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. त्याचे कारण पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड आहे, हे १९३१ साली स्पष्ट झाले. भारतात १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात या विकाराची नोंद झाली. त्यानंतर राजस्थान, गुजरात, आजच्या तेलंगणातील नलगोंडा आणि महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या अनेक जिल्ह्यांतील भूजलात हा दोष आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १.५ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची मर्यादा सुचविली आहे. भारतीय मानकाप्रमाणे १ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे चालण्याजोगे मानले जाते.

लहानपणी, साधारणपणे आठ वर्षांच्या आत, दात जबड्यात घडत असताना असे पाणी पिण्यात आले, तर दंतवल्क सच्छिद्र व खडूसारखे होते आणि नंतर त्यात तपकिरी रंग मुरतो. घासून तो जात नाही. दुसरे कारण टेट्रासायक्लीन वर्गातील औषधे. १९४८ पासून ही प्रतिजैविके प्रचारात आली. ती गर्भवती स्त्रीला किंवा लहान मुलाला दिल्यास घडत असलेल्या दातांतील कॅल्शियमशी संयोग पावतात आणि पुढे दातांवर पिवळे, करडे किंवा तपकिरी आडवे पट्टे उमटतात. याखेरीज आघाताने आतील मज्जा मृत झाल्यास एखादाच दात काळवंडतो. अशा दातावर प्रथम रूट कॅनालचा उपचार करावा लागतो. केवळ वरून झाकून भागत नाही.

कवचाची कल्पना कशी आली

हा उपचार चित्रपटसृष्टीतून आला असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने हॉलिवुडच्या नटनट्यांसाठी दातांवर बसविण्याची पातळ कवचे तयार केली. कवळी बसविण्यासाठी वापरतात तसल्या चिकट पुडीने ती चिकटवीत आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवीत. ती घालून जेवणे शक्य नव्हते, कारण दाताला पक्के धरून ठेवील असा पदार्थच तेव्हा उपलब्ध नव्हता.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखविला. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांतून फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे त्यांना ठाऊक होते. तेच आम्ल त्यांनी दंतवल्कावर अर्धा मिनिट लावून पाहिले. आम्लामुळे गुळगुळीत दंतवल्क सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होते. त्या खाचांत राळ शिरते आणि घट्ट रुतून बसते, असे त्यांना दिसून आले. पुढे राफेल बोवेन यांनी दातांसाठी टिकाऊ संमिश्र राळ तयार केली. तिचे पेटंट १९६२ सालचे आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी पोर्सलिनची आतील बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीत करण्याची रीत प्रचारात आली. दोन्ही पृष्ठभाग असे तयार झाल्यावर मधली राळ दोहोंना पकडून ठेवू लागली आणि नटांचे तात्पुरते सोंग हा कायमचा उपचार बनला.

कवच कसे बसवितात

प्रथम दंतवैद्य तोंडाची तपासणी करतो, क्ष-किरण चित्रे व छायाचित्रे घेतो आणि दातांचा साचा घेतो किंवा यंत्राने त्यांची प्रतिमा उतरवितो. त्यावरून नव्या दातांचा मेणाचा नमुना तयार करता येतो आणि तात्पुरत्या राळेने तो रोग्याच्या तोंडात बसवून दाखविता येतो. या पायरीवर दाताला अद्याप धक्काही लागलेला नसतो. म्हणून ती वगळू देऊ नये. हसताना, बोलताना, ‘फ’ आणि ‘व’ उच्चारताना ओठ नव्या दातांना कसे लागतात, हे येथेच कळते. रंगाची निवडही याच वेळी, शक्यतो दिवसाच्या उजेडात करावी. काम बराच वेळ चालल्यावर दात कोरडे पडून प्रत्यक्षाहून अधिक पांढरे दिसतात, आणि मग निवड चुकते.

नंतर दाताच्या दर्शनी भागावरून सामान्यतः ०.३ ते ०.७ मिलिमीटर एवढा थर घासून काढतात. ही जाडी जवळजवळ आपल्या बोटाच्या नखाएवढी आहे. ऐकावयास ती अल्प वाटते; परंतु हिरडीजवळ दंतवल्काची एकूण जाडीच जेमतेम तेवढी असते, हे वर सांगितले आहे. घासल्यानंतर साचा प्रयोगशाळेत पाठवितात. कवचे तयार होईपर्यंतच्या काही दिवसांसाठी दातांवर तात्पुरते आवरण बसवितात. शेवटच्या भेटीत कवचे दातांवर ठेवून पाहावी, आरसा मागून घ्यावा आणि समाधान झाल्यावरच ती चिकटविण्यास अनुमती द्यावी. निळ्या प्रकाशाने राळ एकदा घट्ट झाली, की कवच अखंड काढता येत नाही. ते यंत्राने घासूनच काढावे लागते.

घासण्याचे प्रमाण कमी असावे, यामागे आणखी एक शास्त्रीय कारण आहे. पोर्सलिन कठीण परंतु ठिसूळ असते. फरशीखाली पक्का कोबा असेल, तर तिच्यावरून जड ओझे नेले तरी ती तडकत नाही. तीच फरशी भुसभुशीत मातीवर बसविली, तर साध्या वजनानेही फुटते. दंतवल्क हा पक्का कोबा होय. दंतिन त्याच्या मानाने बरेच लवचीक असते आणि राळही त्याला तितकी चांगली धरीत नाही. म्हणून संपूर्ण दंतवल्कावर बसविलेली कवचे दीर्घकाळ टिकतात, तर दंतिनापर्यंत घासलेल्या दातांवरील कवचे अधिक प्रमाणात तडकतात किंवा निघून येतात. शिवाय दंतिन उघडे पडल्यास थंड व गरम पदार्थांच्या झिणझिण्या येतात आणि क्वचित आतील मज्जेलाच इजा पोचते.

‘अजिबात न घासता’ बसविण्याची कवचे मिळतात, हे खरे आहे. लहान किंवा आत वळलेल्या दातांना ती चांगली लागू पडतात. परंतु आधीच पुढे आलेल्या दातांवर ती चढविल्यास दात जाड दिसतात, हिरडीशी उंचवटा राहतो, तेथे अन्न साठते आणि हिरड्या सुजतात. गडद डाग तर इतक्या पातळ थराने झाकलेही जात नाहीत.

कोणाला योग्य, कोणाला नाही

किडलेले दात आणि रक्त येणाऱ्या हिरड्या असतील, तर प्रथम त्यांवर उपचार झाला पाहिजे. रोगट पायावर केलेली शोभा टिकत नाही. झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांनी ती दंतवैद्याला अवश्य सांगावी. त्या दाबाने कवचे तुटतात. ज्यांचे खालचे दात वरच्या दातांवर टोकास टोक लागून आदळतात, त्यांनाही हा धोका असतो. ज्या दातात पूर्वीच मोठे भरण केले आहे, त्याला पातळ कवचापेक्षा पूर्ण टोपी अधिक योग्य ठरते. दात फारच वाकडे असतील, तर घासून सरळ दाखविण्यापेक्षा तारेने सरळ करणे बरे. त्यास वर्ष-दीड वर्ष लागेल, परंतु दात आपले आपल्याजवळ राहतील.

वयाचाही विचार हवा. किशोरवयात दातातील मज्जा मोठी असते, हिरड्यांची पातळी अद्याप स्थिर झालेली नसते आणि दात पूर्णपणे बाहेर आलेले नसतात. लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचे आठ-दहा निरोगी दात घाईघाईने घासावेत, हे कोणत्याही अर्थाने हिताचे नव्हे. दिवस ठरल्यावर उपचाराला जाणाऱ्याजवळ नाही म्हणण्याची सवड राहत नाही.

साधे उपाय आधी

दंतवैद्यकात सर्वमान्य असे एक तत्त्व आहे : ज्यात दाताचा कमीत कमी नाश होतो, तो उपाय प्रथम करावा. प्रथम दात स्वच्छ करून घ्यावे. त्याने भागले नाही, तर पेरॉक्साइडने रंग उजळविण्याची पद्धत आहे. पिवळसर छटेवर ती चांगली लागू पडते. करड्या पट्ट्यांवर कमी, आणि तेथे महिनोन्‌महिने लागू शकतात. फ्लोरोसिसचे सौम्य डाग आम्ल व बारीक भुकटीने अतिशय पातळ थर घासूनही पुष्कळदा फिके होतात. एखादा कोपरा तुटला असेल किंवा दोन दातांत फट असेल, तर संमिश्र राळ थेट दातावर बसवून एकाच भेटीत तो आकार देता येतो. ही राळ पोर्सलिनइतकी टिकत नाही आणि तिच्यावर डागही लवकर पडतात. परंतु ती स्वस्त असते, दुरुस्त करता येते आणि तिच्यासाठी दात फारसा घासावा लागत नाही.

रंग उजळवावयाचा असेल, तर तो कवच बसविण्यापूर्वीच उजळवावा आणि नंतर सुमारे दोन आठवडे थांबावे. कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे राळ नीट धरत नाही. पोर्सलिनचा रंग मागाहून बदलता येत नाही. दोन दातांवर कवचे बसविल्यानंतर शेजारचे दात उजळविले, तर जुळणी बिघडते.

किती टिकते

चांगल्या रीतीने निवडलेल्या रोग्यात, कुशल हाताने बसविलेली पोर्सलिनची कवचे दहा वर्षांनंतरही बहुतांशी शाबूत असल्याचे दीर्घकालीन निरीक्षणांत आढळले आहे. पुष्कळ कवचे पंधरा वर्षे वा त्याहूनही अधिक चालतात. परंतु ‘कायमचा उपचार’ याचा अर्थ ‘कायम टिकणारे कवच’ असा नाही. घासलेला दात कायमचा घासलेला राहतो. कवच मात्र बदलावे लागते. विसाव्या वर्षी ज्याने सहा दातांवर कवचे बसविली, त्याने पासष्टाव्या वर्षापर्यंत ती दोन-तीन वेळा बदलावी लागतील असे धरून चालावे. प्रत्येक बदलात मूळ दाताचा थोडा अंश आणखी जाण्याचा संभव असतो. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या अशा उपचारांचा खर्च आरोग्य विम्यातून सामान्यतः मिळत नाही. म्हणून खर्चाचा हिशेब एका वेळेचा नव्हे, तर आयुष्याचा करावा.

कवच किडत नाही, पण त्याच्या कडेखालचा दात किडू शकतो. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासावे, दोन दातांमधील जागा दोऱ्याने स्वच्छ करावी आणि वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्यावी. दातांनी सुपारी फोडणे, ऊस सोलणे, बाटलीचे झाकण उघडणे वर्ज्य समजावे. दात खाण्याची सवय असल्यास रात्री दातांवर घालावयाचे संरक्षक आवरण करून घ्यावे. आम्लयुक्त फ्लोराइडचा लेप पोर्सलिनची चकाकी घालवितो; म्हणून पुढे कोणत्याही दंतवैद्याकडे गेल्यास आपल्या दातांवर कवचे आहेत, हे त्याला सांगावे.

संमती देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

हा उपचार राज्याच्या नोंदणीपुस्तकात नाव असलेल्या दंतवैद्याकडूनच करून घ्यावा. सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात तो करण्याजोगा नाही. दंतवैद्याला पुढील प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. माझ्या दातांवरील डाग कोणत्या प्रकारचे आहेत? याहून साधा उपाय का चालणार नाही? प्रत्येक दाताचा किती थर घासला जाईल, आणि कवच दंतवल्कावरच बसेल काय? किती दातांवर ते खरोखर आवश्यक आहे? घासण्यापूर्वी नमुना तोंडात बसवून दाखवाल काय? कवच फुटले किंवा निघाले, तर दुरुस्ती कोण व कोणत्या खर्चात करील? आपण पूर्वी केलेल्या, काही वर्षे झालेल्या उपचारांची छायाचित्रे पाहावयास मिळतील काय? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. रागावलाच, तर तेही एक उत्तर समजावे. शंका उरल्यास दुसऱ्याचे मत घ्यावे. सरकारी दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून ते अल्प खर्चात मिळू शकते.

शेवटी पुन्हा फ्लोरोसिसकडे वळू. तपकिरी दातांमुळे तोंडावर हात ठेवून बोलणारा तरुण जेव्हा दंतवैद्याकडे येतो, तेव्हा त्याची मागणी ही चैन नसते. नोकरीच्या मुलाखतीत वा चारचौघांत मोकळेपणाने हसता यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. अशा माणसासाठी दंतवल्काचा पातळ थर खर्ची घालणे योग्य ठरू शकते. मात्र त्याच्या घरातील तान्ह्या मुलाचे दात त्याच वेळी जबड्यात घडत असतात, आणि ते वाचविण्याचे काम कवचाचे नाही, पाण्याचे आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना व विरंजक चूर्ण वापरून फ्लोराइड कमी करण्याची रीत विकसित केली. ती नलगोंड्याच्याच नावाने ओळखली जाते. पाण्याची तपासणी करून घेणे आणि निर्दोष पाणी मिळविणे, हे त्या मुलासाठी कोणत्याही कवचापेक्षा मोलाचे आहे. ज्याच्या दाताला डागच पडला नाही, त्याला घासण्याचा प्रश्नच उरत नाही.